आभारापुरते तात्या

तात्या माइकसमोर आले की आधी त्याला बोटाने दोन टिचक्या मारायचे आणि मग मान वळवून जेवणाच्या मंडपाकडे बघायचे. मसालेभाताच्या पातेल्यावरचं झाकण अजून बंद आहे ना, एवढंच त्यांना पाहायचं असे. झाकण बंद दिसलं की घसा खाकरून म्हणायचे, "दोनच मिनिटं घेतो." झाकण उघडलेलं असलं तरी हेच म्हणायचे, फक्त आवाज जरा चढवून.

असा माणूस तुम्हीही पाहिलेला असणार, पण तो तुमच्या लक्षात असेलच असं नाही. आपल्याकडे कार्यक्रम कसलाही असो, शेवटी आभार मानणारा एक जण लागतो, आणि तो उभा राहिला की लोक चपला शोधायला लागतात. व्यासपीठावरचे पाहुणे मोबाइल काढतात. पहिल्या रांगेतल्या बायका मांडीवरच्या झोपलेल्या पोरांना जागं करतात. आभार सुरू झाले याचा अर्थ जेवायला चला, इतका सरळ हिशेब असतो.

बारामतीहून इंदापूरकडे जाताना भवानीनगरच्या आसपास एक खासगी दूध प्रकल्प होता, असं समजा. तिथे मी लॅबमध्ये होते आणि तात्या ऑफिसात. नाव सांगत नाही, कारण आम्हीही ते कधी वापरलं नाही. चेअरमनपासून टँकरच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे त्यांना तात्याच म्हणत. सांगवीचे. हुद्दा उपप्रशासन अधिकारी. म्हणजे हजेरी, रजा, गणवेश, कॅन्टीनच्या आमटीची तक्रार आणि जे काम दुसऱ्या कुणाच्याच टेबलावर बसत नाही ते सगळं त्यांच्या टेबलावर. आणि आभार.

परगावच्या माणसाला वाटेल, आभार मानायला असं काय लागतं? आमच्या भागात राहून बघा. आम्हाला दूध घालणाऱ्या प्रत्येक गावाला एक आजी सरपंच, दोन-तीन माजी आणि निदान चार भावी सरपंच. यातलं एक नाव राहिलं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावचं दूध शेजारच्या डेअरीला. तात्यांच्या आधी हे काम एका प्राध्यापकांकडे होतं. त्यांनी एकदा एका माजी सरपंचांना वगळलं आणि दोन संदर्भ जास्तीचे दिले. मग गावची समजूत काढायला आमच्या दोन गाड्या गेल्या. तेव्हापासून आभार तात्यांकडे आले ते कायमचे.

तात्या हातात कागद घेत नसत. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत मानाप्रमाणे एकेक नाव घेत जायचे. पाहुणे झाले की सरपंच, मग मंडपवाले, माइकवाले, आचारी. लाईट गेली नाही म्हणून महावितरणचे आभार, पाऊस आला नाही म्हणून पावसाचेही. एकदा तर एका कुत्र्याचेही मानले, जे भर अध्यक्षीय भाषणात व्यासपीठावर येऊन झोपलं आणि शेवटपर्यंत भुंकलं नाही. सगळ्यात शेवटी हात जोडून, शुद्ध पुस्तकी भाषेत, "अनवधानाने कोणाचे नाव राहून गेले असल्यास मोठ्या मनाने क्षमा करावी." कुणाचंच राहिलेलं नसायचं. तरी क्षमा मागितल्याशिवाय ते माइक सोडत नसत.

व्यासपीठावर कुणाची खुर्ची कुठे, हेही तात्याच ठरवायचे. अधिकारी आणि त्याच्या वरच्यांना खुर्ची, असा नियम होता. तात्या उपअधिकारी, म्हणून पायरीपाशी उभे. एकदा मला म्हणाले, "घरी गेलो की आमची ही इचारती, तुमी कुठं बसला हुता? मी म्हणतो, मी उभा हुतो. तर म्हणती, नवरदेवाचं घोडं बी उभंच असतं." हे सांगून ते खूप हसले. मीही हसले. पण मग पुढच्या कार्यक्रमाला मी मुद्दाम बघत राहिले. खुर्च्या मांडून झाल्यावर तात्या मधल्या खुर्चीची पाठ हाताने पुसत होते आणि तो हात जरा जास्त वेळ तिथेच राहिला.

नोकरीत पुढे कसं जायचं हे विचारायला नवी पोरं तात्यांकडेच येत. ज्याची स्वतःची गाडी कित्येक वर्षं एकाच फलाटावर उभी आहे त्याला रस्ता विचारायचा, हा आमच्याकडचा शहाणपणा. तात्याही मनापासून सांगत. साहेबाच्या विनोदाला साहेबाच्या आधी हसू नये, पण फार उशीरही करू नये. चूक झाली तर मीटिंगमध्ये कबूल करू नये, चहा पिताना करावी. बोलायचं तर शेवटी बोलावं, कारण तोवर कुणी ऐकत नसतं आणि आपली चूक सापडत नाही. हे ऐकून दोघं-तिघं खरंच त्यांच्या पुढे निघून गेले. त्यांच्या बढतीच्या चहापानाचे आभार अर्थातच तात्यांनी मानले.

मला मात्र त्यांनी एकदा निराळा सल्ला दिला. मी लॅबची इन्चार्ज झाले तेव्हा दूध उतरवून घेणारी माणसं माझं काही ऐकत नव्हती. नमुना वेळेवर येत नसे. मी ओरडून पाहिलं, गोड बोलून पाहिलं, शेवटी तात्यांपुढे जाऊन बसले. त्यांनी विचारलं, हाक कशी मारता? मी म्हटलं, अहो म्हणते. "अहोला समदीच वळत्यात ताई, म्हंजी कुणीच वळत न्हाय. नाव घेऊन हाक मारा." मी नावं पाठ केली. दोघांची उलटीसुलटी झाली, त्यावरून त्यांनी माझी थट्टाही केली, पण नमुने यायला लागले. नंतर मी बरीच पुढाऱ्यांची आणि साहेबांची भाषणं ऐकली. त्यातलं कुठलं मला इतकं उपयोगी पडलं असं काही आठवत नाही.

मग आमचे प्रशासन अधिकारी निवृत्त झाले आणि ती खुर्ची रिकामी झाली. तात्यांशिवाय तिथे कोण बसणार, यावर कॅन्टीनपासून गेटपर्यंत एकमत होतं. तात्यांनी बारामतीत फिक्या बदामी रंगाचा सफारी शिवून घेतला. अंगावर मात्र दिसेना. विचारलं तर म्हणाले, "खुर्चीसाठी ठेवलाय."

एकच अडचण होती. चेअरमनसाहेबांचे मेहुणे. ते संचालक होते, म्हणजे काय करत होते ते कुणालाच नीट सांगता आलं नसतं. प्रत्येक कार्यक्रमाला मधल्या खुर्चीच्या शेजारी बसत, शाल-श्रीफळ घेत आणि शहाळं पीत. त्यांच्या पुतण्याने पुण्यात मॅनेजमेंटचं काहीतरी केलं होतं आणि तो सध्या मोकळा होता. तात्यांनी आजवर मेहुणेसाहेबांचे जितक्या वेळा आभार मानले होते तितक्या वेळा कुणी देवाचंही नाव घेत नसेल. त्यामुळे तेही आड येणार नाहीत अशी सगळ्यांची समजूत होती.

त्याच सुमारास चेअरमनसाहेबांनी कुठेतरी ऐकलं की आजकाल कंपन्यांमध्ये नेतृत्वाचं शिक्षण देतात. झालं. पुण्याहून एक ट्रेनर आले. तिशीतले असतील, पांढरे शुभ्र बूट, कॉलरला छोटासा माइक, आणि एका जागी उभं राहायचं नाही असा नवस केलेला. विषय होता अस्सल नेतृत्व. मुखवटा काढा, म्हणाले. जसे आहात तसे बोला, तरच तुमची खरी प्रगती होईल. मग आम्हाला सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि ऑफिसात शेवटचं खरं कधी बोललो ते आठवायला सांगितलं. कुरकुंभच्या फाट्यावरून पहाटेच निघून आलेले आमचे अकाउंट्सचे एक जण तेवढ्यात घोरायला लागले. ट्रेनर हळुवारपणे म्हणाले, "बघा, काही जण किती खोलवर गेलेत."

डोळे उघडायला सांगितले तेव्हा सगळ्यांनी पटकन उघडले. तात्यांचे मिटलेलेच होते. ते झोपले नव्हते, अंगठा पेरांवरून फिरत होता.

शेवटी कुणाला काही विचारायचं आहे का, असं झालं. कुणी काही विचारत नसतं. पण तात्या उभे राहिले आणि म्हणाले, "सर, हे आभारात बी करायचं का?" हॉल हसला. ट्रेनरना प्रश्न कितपत कळला कोण जाणे, पण त्यांनी उत्तर मोठ्या उत्साहाने दिलं. आभारात तर सर्वांत आधी. ज्याने खरंच काही केलंय, त्याचेच आभार माना. नाहीतर त्या शब्दाला किंमत काय राहिली? तात्यांनी मान हलवली आणि खाली बसले. पाच मिनिटांनी पुन्हा उठून त्यांनी ट्रेनरचे रीतसर आभार मानले, महावितरणसकट.

चहाच्या वेळी मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, तात्या, ते आता पुण्याला जाणार, आपण इथंच राहणार, एवढं ध्यानात ठेवा. त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "व्हय. पर त्यो पोरगा खोटं बोलला न्हाय. ताई, मी ज्यांचं आभार मानत आलो, त्यातल्या निम्म्यांनी काय केलं हुतं ते माझं मलाच ठावं न्हाय."

मला वाटलं, चार दिवसांत उतरेल. असल्या कार्यशाळांचं बहुतेकांवरून तेवढ्यातच उतरतं.

पुढच्याच महिन्यात वर्धापनदिन होता. या वेळी घरच्यांनाही बोलावलं होतं. जेवणं झाली की चेअरमनसाहेब नव्या प्रशासन अधिकाऱ्याचं नाव जाहीर करणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तात्या बदामी सफारी घालून आले. तात्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकी म्हणायचो, पहिल्यांदाच आल्या होत्या, पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

सकाळी एक घोळ झाला होता. वारं सुटलं, पावसाची एक सर पडली आणि मंडपाची एक बाजू खाली आली. कॅन धुणाऱ्या बायकांची पाळी नुकतीच संपत होती. त्या तशाच ओल्या पदरांनी धावल्या, मंडपवाल्यांबरोबर दोर ओढले, चिखल झाला होता तिथे मुरूम पसरला, खुर्च्या पुसल्या. एवढ्यात मेहुणेसाहेबांची गाडी आली. त्यांनी काच खाली केली आणि पाहुणे यायच्या आत या बायकांना नजरेआड करा, अवतार बघा एकेकीचा, असं म्हणून काच वर केली. हे ऐकायला मी होते, तात्या होते आणि त्या बायका होत्या. तात्या नेहमीसारखं "व्हय साहेब" म्हणाले. बायकांना घेऊन मंडपाच्या मागे गेले, त्यांच्यासाठी सतरंजी टाकून दिली आणि परत येऊन खुर्च्या मोजायला लागले.

कार्यक्रम झाला. दिवा लागला, शाली पडल्या, भाषणं झाली. मेहुणेसाहेबांनी आपल्या भाषणात सर्वसामान्य कष्टकऱ्याचा तीनदा उल्लेख केला. मग सूत्रसंचालकाने आभारासाठी तात्यांना बोलावलं. माइकला दोन टिचक्या. मान वळली. झाकण अजून बंद होतं.

"दोनच मिनिटं घेतो. आज मी फकस्त ज्यांनी काय तरी केलंय, त्यांचंच आभार मानणार हाय."

त्यांची ती पुस्तकी भाषा आज घरीच राहिली होती. तात्यांनी पेरांवर अंगठा ठेवला. मंडपवाल्याचं नाव घेतलं, आचाऱ्याचं घेतलं. मग म्हणाले, शालन, मंदा, छबूबाई, सुरेखा, यांनी पडलेला मंडप उभा केला, त्या मागं बसल्यात, पर ऐकत असतील. चेअरमनसाहेब या खेपेला वेळेवर आले, त्यांचे आभार. चेअरमनसाहेबांना हसावं की नाही ते कळेना. मग अंगठा एका पेरावर थांबला. तात्यांनी वळून मेहुणेसाहेबांकडे पाहिलं. मेहुणेसाहेबांनी सवयीने मान थोडी झुकवून ठेवली होती, आभार स्वीकारायला.

तात्यांनी हात जोडले. "यात कुणाचं नाव ऱ्हायलं असंल, तर ते चुकून ऱ्हायल्यालं न्हाय."

आणि त्याच वेळी मसालेभाताचं झाकण निघालं.

सगळा मंडप उठला. खरं सांगते, चारशे लोकांतल्या चाळिसांनीही ते वाक्य ऐकलं नसेल. ते ऐकलं नेमकं व्यासपीठाने. म्हणजे ज्यांच्या कानी पडायला नको होतं, तेवढ्यांनीच. काकींनी ऐकलं. आणि मागच्या बाजूला तोंड करून बांधलेला एक कर्णा होता, त्यातून त्या बायकांनी ऐकलं. मंडपाच्या कनातीमागून चौघींची डोकी बाहेर आली होती. मला तात्यांचा भयंकर राग आला. एक दिवस, एक जेवण दम धरला असता तर काय बिघडलं असतं? आणि त्याच वेळी मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मला जेवताच येईना.

जेवणानंतर चेअरमनसाहेबांनी सांगितलं की नव्या नेमणुकीचा विचार चालू आहे. विचार आठवडाभर चालला आणि पुतण्यापाशी येऊन थांबला. पदाचं नावही बदललं, एच.आर. मॅनेजर झालं. इंदापूरच्या पलीकडे, उजनीच्या पाण्याच्या बाजूला आमचं दूध थंड करायचं एक चिलिंग सेंटर होतं. तिथे अनुभवी माणसाची फार गरज आहे, असं मेहुणेसाहेबांच्या अचानक लक्षात आलं. आभाराचं काम सूत्रसंचालकाकडे गेलं. पहिल्याच कार्यक्रमात त्याने दोन सरपंच वगळले.

पुढची गंमत ऐका. तात्यांचं ते आभाराचं भाषण कुणीतरी मोबाइलवर घेतलं होतं. फिरत फिरत ते पुण्याच्या ट्रेनरपर्यंत पोचलं. त्यांनी त्याचं रील केलं, खाली संगीत घातलं आणि वर लिहिलं, माझ्या कार्यशाळेतून घडलेला ग्रामीण भागातला एक अस्सल लीडर. लोकांनी खूप पाहिलं म्हणे. आमच्या नव्या एच.आर. मॅनेजरनेही ते आवडल्याचं चिन्ह दिलं, बहुधा आवाज बंद ठेवून पाहिलं असावं. त्या लीडरचं पुढे काय झालं हे विचारायला मात्र ट्रेनरचा फोन आला नाही.

मी एकदा चिलिंग सेंटरवर गेले होते, मशीन तपासायला. संध्याकाळचं दूध येत होतं. तात्या दारात उभे राहून दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला नावाने बोलावत होते, म्हशीचीही चौकशी करत होते. तिथे स्टुलाशिवाय बसायला काही नव्हतं, ते त्यांनी मला दिलं. नवी दोन पोरं होती, त्यांना सल्ले चालूच होते. आता सल्ल्यात थोडी सुधारणा झाली होती. खरं बोलावं, पण पगारवाढ हातात पडल्यावर.

मी विचारलं, तात्या, वाईट वाटतं का? त्यांनी बल्क कूलरचं झाकण लावलं, हात पुसले.

"मुखवटा काढला की तोंडाला वारं लागतं ताई. बरं वाटतं. सर्दी बी हुती." मग आवाज उतरवून म्हणाले, "खुर्चीचं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? पर त्या दिशी घरी गेलो, तर हिनं पयल्यांदा इचारलं न्हाय, कुठं बसला हुता म्हणून."

गेल्या हिवाळ्यात तात्या गेले. सकाळचं दूध घेताना छातीत कळ आली आणि इंदापूरला पोचेपर्यंत सगळं आटोपलं. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते.

शोकसभा प्रकल्पातच झाली. अध्यक्षस्थानी मेहुणेसाहेब. ते म्हणाले, तात्यांनी आम्हाला खरं बोलायला शिकवलं. एच.आर. मॅनेजरनी रीलचा उल्लेख केला. फोटो ठेवायला टेबल आणायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं, कारण असलं ध्यानात ठेवणारा माणूस फोटोतच होता. मग मंडपवाल्याने व्यासपीठाच्या मधोमध एक खुर्ची मांडली, तिची पाठ स्वतःच्या उपरण्याने पुसली आणि फोटो तिच्यावर टेकवून हार घातला. फोटोत तात्या बदामी सफारीत होते. मेहुणेसाहेबांना शेजारच्या खुर्चीवर सरकावं लागलं.

शेवटी सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. कुणी चपला शोधल्या नाहीत, कुणी मोबाइल काढला नाही. शालन, मंदा, छबूबाई, सुरेखा या वेळी पहिल्या रांगेत होत्या, पदर ओले नव्हते, डोळे ओले होते.

लोक पांगायला लागले तशा काकी माझ्याकडे वळल्या. "आभार कोण मानणार हाय?"

मी म्हटलं, काकी, शोकसभेत आभार मानत नाहीत.

त्यांनी फोटोकडे बघितलं. "मग ह्यांला करमायचं न्हाय," म्हणाल्या.

मंडपवाला खुर्च्या गोळा करत होता. एकात एक घालून त्याने सगळ्या लावल्या आणि फोटो ठेवलेल्या मधल्या खुर्चीपाशी येऊन थांबला. ही नेऊ का, असं त्याने मला डोळ्यांनीच विचारलं. मी काही बोलायच्या आत काकींनी हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "दोनच मिनिटं."